बदकं मारायची तर जुनाच टीव्ही हवा

महोदय,

गेल्या महिन्यात आमच्या कराडमध्ये ई-कचरा गोळा करणारा टेम्पो गल्लोगल्ली फिरला. काम चांगलं आहे, व्हायलाच हवं. मी कोपऱ्यावर उभा राहून बघत होतो. पिक्चर ट्यूबचे जुने टीव्ही एकावर एक रचलेले होते, मी सतरा मोजले. त्यातले निदान सहा-सात सेट कधी ना कधी माझ्या टेबलावर येऊन गेलेले, कारण मागच्या कव्हरवर मी मार्करने टाकलेल्या तारखा अजून दिसत होत्या. त्यातले चालू किती, हे कुणी विचारलं नाही. आणि नंतर चारच दिवसांनी माझ्या घरी जे झालं, त्यामुळे हे पत्र लिहायला बसलो.

मी १९८९ साली आयटीआय करून शनिवार पेठेत टीव्ही दुरुस्तीचं दुकान टाकलं आणि २०१७ मध्ये बंद केलं. आता घरीच असतो. त्या दिवशी एक चाळिशीचा मुलगा (माझ्या लेखी मुलगाच) दारात आला, सोबत नऊ वर्षांची लेक. हातात बुटाचं खोकं. "काका, ओळखलंत का? आमचा सेट तुमच्याकडेच असायचा." आवाजावरून ओळखलं. त्याची आई या पावसाळ्यात गेली. घर आवरताना माळ्यावर त्याचा लहानपणचा व्हिडिओ गेम सापडला, आईने जुन्या साडीत गुंडाळून ठेवलेला. दोन रिमोट, तीन कॅसेट, अडॅप्टर आणि ती बंदूक. त्याने तो पुण्याच्या घरातल्या भिंतीवरच्या मोठ्या टीव्हीला पिवळ्या-लाल वायरींनी जोडला. मारिओ लागला. बदकांचा गेमही लागला, पण एक बदक मरेना. लेकीने टीव्हीला बंदूक टेकवून मारलं तरी मरेना. "बंदूक गेलीय वाटतं, बघता का?"

बंदूक उघडली. आत फारसं काही नसतंच: पुढे एक भिंग, त्याच्यामागे उजेड ओळखणारा एक छोटा सेन्सर, चार-दोन पार्ट आणि ट्रिगरचा स्विच. स्विच टकटक करत होता, वायर तुटलेली नव्हती, एकही ड्राय सोल्डर (सुटलेला डाग) नाही. बंदूक ठणठणीत होती. बिघाड त्याच्या नव्या टीव्हीत होता, म्हणजे खरं तर तो बिघाडही नव्हे.

बंदुकीतून काहीच बाहेर जात नाही, हे बहुतेकांना माहीत नसतं. ती फक्त बघते. ट्रिगर ओढला की गेम क्षणभर सगळा पडदा काळा करतो आणि लगेच बदकाच्या जागी एक पांढरा चौकोन दाखवतो. आपल्याकडच्या जुन्या सेटवर ट्यूबमधला किरण सेकंदाला ५० वेळा वरून खाली पडदा रंगवतो, म्हणून हे सगळं डोळा लवायच्या आत होतं, आपल्याला नुसती लुकलुक जाणवते. बंदुकीला आधी काळं आणि मग पांढरं दिसलं तर नेम लागला. आधी काळं का, तर पोराने बंदूक दुसऱ्याच उजेडाकडे धरून फसवू नये म्हणून. ही सगळी रचना किरणाच्या त्या धावण्यावर, त्या अचूक वेळेवर बेतलेली आहे. नवा टीव्ही चित्र आधी आपल्या आत घेतो, त्यावर काम करतो आणि मग दाखवतो. सेकंदाच्या काही शतांश भागांचाच उशीर, पण तेवढ्यात बंदुकीची वाट बघण्याची वेळ निघून गेलेली असते. मारिओसुद्धा बटण दाबल्यावर किंचित मागून उडी मारतो. त्या मुलालाही ते जाणवलं होतं. त्याला वाटलं, आपलंच वय झालं.

मी त्यांना आतल्या खोलीत नेलं. तिथे माझा २१ इंची सेट आहे, चादर घालून ठेवलेला. अँटेनाच्या जागी गेमची वायर लावली, पुढची झडप उघडून बारीक चाक फिरवत फिरवत चॅनेल पकडला. आधी मुंग्या, मग वाकडंतिकडं चित्र, मग आवाजासकट स्वच्छ निळं आकाश. पोरीने बंदूक घेतली. पहिलं बदक सुटलं आणि तो कुत्रा गवतातून वर येऊन हसला. दुसरं पडलं. ती काही बोलली नाही, फक्त बापाकडे बघितलं. बाप माझ्या पलंगावर बसून डोळे पुसत होता.

हे लाडक्या आठवणींचं कौतुक म्हणून सांगत नाही. त्या खोलीत तो सेट नसता, तर आईने तीस वर्षं जपलेली ती वस्तू असूनही नसल्यासारखीच होती.

आमच्या भागात हे गेम आले १९९४-९५ च्या सुमारास. कुणावर मीडिया लिहिलेलं असे, कुणावर समुराई, कुणावर लिटल मास्टर. माझ्यासारख्याला आतून सगळे सारखेच. एकेकात तर बोर्डावर डांबराच्या थेंबासारखा एक काळा ठिपका, आणि सगळं डोकं त्या ठिपक्याखाली. तो गेला की संपलं, तिथे मेकॅनिकचा हात चालत नाही. पण तो सहसा जायचा नाही. जायचं ते व्होल्टेज आवरून धरणारं रेग्युलेटर, ७८०५ नंबरचं. पोरं रेडिओचा किंवा भलत्याच कशाचा अडॅप्टर लावायची, प्लस-मायनस उलटं व्हायचं आणि मग आईला न सांगता दप्तरात घालून गेम माझ्याकडे यायचा. रिमोटची बटणं बसायची, त्याला आतल्या काळ्या रबराखालचं बोर्ड खोडरबराने पुसलं की झालं. कॅसेट लागत नसेल तर फुंकर मारायची, हे तर साऱ्या महाराष्ट्राच्या पोरांना कुणी न शिकवता येत होतं. मी त्यांना रागवायचो. फुंकरीने कॅसेट लागत नाही, काढून पुन्हा बसवल्यामुळे पिना नीट टेकतात म्हणून लागते. फुंकरीतला ओलावा मात्र पिनांवर राहतो आणि त्या काळवंडतात. स्पिरिटचा बोळा फिरवा, असं सांगायचो. ऐकलं कुणीच नाही.

आणि सातच्या बातम्या! संध्याकाळी एखादा बाप सेट खांद्यावर टाकून यायचा: "दूरदर्शन गेलं हो." गेलेलं काहीच नसायचं. दुपारी पोराने गेमसाठी चाक फिरवलेलं, ते परत जागेवर आणलं नव्हतं. मी दोन मिनिटांत लावून द्यायचो आणि पैसे घ्यायचो नाही. पोराचं नावही घ्यायचो नाही.

गेमने पिक्चर ट्यूब खराब होते, ही त्या काळी घराघरातली समजूत. एकच चित्र दिवसचे दिवस चालू ठेवलं तर त्याचा डाग पडदा धरतो, हे खरं. पण सुट्टीत दोन तास खेळून ट्यूब गेलेली माझ्या दुकानात मी एकदाही पाहिली नाही. ट्यूब जायच्या त्या वयाने. गेम कपाटात कुलपात गेले ते मात्र या समजुतीने. एका परीने बरंच झालं, म्हणून आज ते सापडतात तरी.

माझा स्वतःचा एक गेम दुकानात कायम असे, आणि तो खेळण्यासाठी नव्हता. सेटचे रंग आणि चित्राचा आकार लावायला पॅटर्न जनरेटर, म्हणजे ठरावीक रंग-रेषांचं स्थिर चित्र दाखवणारं यंत्र लागतं, ते घेण्याची माझी ऐपत नव्हती. केबलचं चित्र सारखं हलतं, त्यावर काही लावता येत नाही. मग मी मारिओ लावून थांबवून ठेवायचो. निळं आकाश, हिरवे पाइप, तांबूस विटा. लाल, हिरवा, निळा, ट्यूबमधल्या किरण सोडणाऱ्या तिन्ही गनची परीक्षा एकाच पडद्यावर. टँकच्या गेममध्ये विटांच्या ओळी असतात. त्या कडेला बारीक-जाड दिसल्या की समजायचं, लिनियारिटी, म्हणजे चित्राचा सारखेपणा, बिघडली आहे. माझ्या हातून गेलेल्या कितीतरी सेटचे रंग मारिओच्या आकाशावर लागलेले आहेत. चार-पाच पोरं काउंटरला टेकून उभी असायची, "काका, आता थांबवू नका ना." कॉन्ट्रा नावाच्या दोघांच्या गेममध्ये धबधब्याची पायरी आली की दोघांची भांडणं ठरलेली, कारण एक जण भराभर वर चढला की पडदा वर सरकतो आणि खाली राहिलेला मरतो. ती भांडणं दुकानाबाहेर पायरीवर चालू राहायची.

हे यंत्र मुळात कुणाचं, हे मला कित्येक वर्षं माहीत नव्हतं. २०२१ च्या डिसेंबरमध्ये पुतण्याने फोनवर बातमी दाखवली की मासायुकी उएमुरा वारले. जपानच्या क्योतो शहरातल्या निन्तेन्दो कंपनीचे इंजिनिअर. आपल्याकडे आलेले बहुतेक सगळे गेम त्यांच्या १९८३ च्या फॅमिकॉम नावाच्या यंत्राच्या नकला. मूळ यंत्र कराडसारख्या गावात कुणी पाहिलेलंसुद्धा नव्हतं. निन्तेन्दोत येण्याआधी ते शार्प कंपनीत होते आणि उजेड ओळखणाऱ्या सेलच्या विक्रीचं काम बघायचे. त्याच सेलमधून आधी उजेडाच्या बंदुकीची खेळणी झाली. वाचून मी उठलो आणि जाऊन बंदुकीचं भिंग पुसून ठेवलं. त्या यंत्राची कामाची मेमरी अवघी २ किलोबाइट. मारिओचा पूर्ण गेम ४० किलोबाइटचा, म्हणजे आज फोनवर येणाऱ्या साध्या फोटोहूनही लहान. म्हणूनच मारिओतला ढग आणि जमिनीवरचं झुडूप हे एकच चित्र आहे, नुसता रंग बदललेला. मी ते हजारदा थांबवून बघितलं असेन, पण माझ्या लक्षात आलं नव्हतं. पुतण्याने दाखवलं तेव्हा त्या माणसांच्या काटकसरीला हात जोडावेसे वाटले. आमच्या धंद्यात एका पार्टमध्ये दोन कामं करणारा मेकॅनिक मोठा मानतात.

निवृत्तीनंतर हेच उएमुरा क्योतोच्या रित्सुमेइकान विद्यापीठात गेले आणि तिथल्या व्हिडिओ गेम अभ्यास केंद्राचे प्रमुख झाले. ज्याने वस्तू बनवली त्यालाच ती जपून ठेवावीशी वाटली.

आपल्याकडे काय? पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय मी दोनदा पाहिलं आहे. अडकित्ते, दिवे, पाय घासायच्या वज्री. एका माणसाने घरोघरच्या वापरातल्या वस्तू गोळा केल्या म्हणून आज आपण त्या बघतो. पण अडकित्ता काचेमागे ठेवला तरी त्याचं काम कळतं. व्हिडिओ गेमचा डबा काचेमागे ठेवला तर तो नुसता प्लॅस्टिकचा डबा. त्याला वीज हवी, कॅसेट हवी, समोर फुगीर काचेचा टीव्ही हवा, आणि समोर बसलेली दोन माणसं हवीत. यातलं सगळ्यात आधी संपणार आहे तो टीव्ही. नव्या पिक्चर ट्यूबा आता येत नाहीत. आहेत तेवढ्याच, आणि त्यांतल्या रोज काही टेम्पोत चढतात. पुढे भंगारात योकच्या, म्हणजे ट्यूबच्या मानेवरच्या गुंडाळीच्या, तांब्यासाठी ट्यूबची मान मोडतात, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. त्या काचेत शिसं असतं, म्हणून बंद पडलेला सेट रीतसर ई-कचऱ्यातच गेला पाहिजे, याबद्दल माझं दुमत नाही. बोलतोय ते चालू सेटविषयी.

आपल्या वाचकांना माझी कळकळीची विनंती आहे. दिवाळीच्या साफसफाईत जुना टीव्ही निघाला तर टेम्पोला देण्याआधी एकदा लावून बघा. चित्र येत असेल तर गावातल्या जुन्या मेकॅनिकला विचारा, आमच्यातले बरेच जण अजून हयात आहेत. बंद असेल तर मागचं कव्हर स्वतः मुळीच उघडू नका. ट्यूबवर वीस-पंचवीस हजार व्होल्ट असतात आणि सेट बंद केल्यावरही ते आत दडून राहतात, माझ्या उजव्या हाताला त्याची खूण आहे. आणि माळ्यावर गेमचं खोकं सापडलं तर लगेच अडॅप्टर लावू नका. आधी त्यावरचे व्होल्ट आणि प्लस-मायनसची खूण बघा.

दुसरी विनंती गावोगावच्या वाचनालयांना, शाळांना आणि संग्रहालयांना. एक कोपरा, एक टेबल आणि एक प्लग एवढंच लागतं. माझ्याकडे चालू स्थितीतले दोन सेट आहेत, एक १४ इंची आणि एक २१ इंची. माझा दुकानातला गेम आहे, कॅसेट आहेत. तो मुलगाही आईने जपलेला त्याचा गेम द्यायला तयार आहे, फक्त तो चालू राहिला पाहिजे एवढीच त्याची अट आहे. साताऱ्यात, कराडात, सांगलीत कुठेही कुणी जागा देणार असेल तर दोन्ही टीव्ही मी स्वखर्चाने आणून बसवीन. पोरांनी चॅनेल हलवला तर रविवारी सकाळी येऊन परत लावून देईन.

आपला नम्र,
एक निवृत्त टीव्ही मेकॅनिक, कराड