खरखर परत द्या

प्रति,
सेवा विभाग प्रमुख,
वायरलेस संच विक्री व देखभाल, पुणे

विषय : 12 डिजिटल सेट व 1 रिपीटर (एका सेटचे बोलणे पकडून लांबच्या सेटपर्यंत पोचवणारे यंत्र) घाटात निरुपयोगी ठरल्याबाबत, सेटचा पासवर्ड न दिल्याबाबत, आणि बदल्यात नेलेला जुना रिपीटर परत मिळण्याबाबत.

महोदय,

आमचे बचाव पथक पोलादपूर-महाबळेश्वर रस्त्यावरच्या आंबेनळी घाटात आणि आजूबाजूच्या दऱ्यांत काम करते. गाडी खाली गेली, ट्रेकर अडकला, दरड आली की पोलिसांचा नाहीतर गावातल्या कुणाचा तरी फोन येतो आणि आम्ही दोर घेऊन निघतो. पथकात दोन शिक्षक आहेत, रिक्षावाले आहेत, एक पानटपरीवाला आहे. मी एसटीच्या वर्कशॉपात इलेक्ट्रिशियन होतो, आता निवृत्त. वायरलेसचे खाते माझ्याकडे.

गेल्या वर्षी मार्चमध्ये तुमच्याकडून घेतलेल्या संचाबद्दल हे पत्र आहे. आतापर्यंत तीन ई-मेल झाले, सात फोन झाले. दर वेळी न चुकता एक तक्रार क्रमांक मिळाला. माणूस मात्र एकदाही आला नाही.

आधी जुन्या यंत्रणेबद्दल सांगतो, नाहीतर म्हणाल की म्हाताऱ्याला नवे काही नकोच असते. जुलै 2005 मध्ये महाड तालुक्यात जुई, दासगाव, कोंडिवते, रोहन इथे दरडी कोसळल्या, तेव्हा आमच्याकडे दोर होते, पण डोंगराच्या या अंगाचे बोलणे त्या अंगाला कळत नव्हते. म्हणून पुढच्या वर्षी ॲनालॉग, म्हणजे आवाज जसाच्या तसा पाठवणारे सेट आणि वर डोंगरावर देवळामागच्या खोलीत एक रिपीटर बसवला. 22 जुलै 2021 ला महाड पाण्याखाली होते, तळियेवर दरड आली, वीज गेली, मोबाइल मुके झाले, तेव्हा तो रिपीटर ट्रकच्या बॅटरीवर चालू होता. पण तोही थकला होता हे मी नाकारत नाही. सुटे भाग मिळेनात. बॅटऱ्या चहा पिऊन होईपर्यंत उतरत. बोलायच्या बटणाचे रबर फाटले की मी सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून बसवत असे. दोन सेटचे आवाजाचे खटके गेले होते, ते पक्कडने फिरवायचे. बदलायला हवेच होते, यात वाद नाही.

त्यासाठी गावांनी वर्गणी काढली. मुंबईच्या चाकरमान्यांनी दिली, दोन गणेश मंडळांनी त्या वर्षीची आरास कमी करून दिली. 4 लाख 86 हजार रुपये जमले आणि तेवढेच तुमच्या बिलात गेले.

खरेदीपूर्वी तुमच्या विक्री प्रतिनिधीने महाडला एका मैदानावर सेट दाखवले. एका टोकाला तो, दुसऱ्या टोकाला मी, मध्ये पोरे क्रिकेट खेळत होती. आवाज असा स्वच्छ, की लग्नाच्या हॉलमधला माइक. एकाच चॅनलवर आळीपाळीचे दोन भाग पडतात, त्यामुळे दोन संभाषणे एका वेळी चालतात, कोण बोलतोय त्याचा नंबर पडद्यावर येतो, हे सगळे त्याने सांगितले आणि ते खरेही आहे. शेवटी माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "काका, आता खरखर विसरा."

ती विसरता आली नाही. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात कोंबड्यांच्या जाळ्या नेणारा एक पिकअप घाटाच्या वळणावरून खाली गेला आणि सुमारे अडीचशे फुटांवर झाडांत अडकला. रात्रीचे साडेआठ, धुके, वरून पाऊस आणि बाजूने ओढा कोसळतोय. आमचे दोघे दोरावरून उतरले. मी रस्त्यावर, सेट कानाला. पहिल्यांदा खालच्या माणसाने रिपीटरच्या चॅनलवर बटण दाबले. सेट आधी रिपीटरला हाक घालतो आणि उत्तर आले नाही तर बोलूच देत नाही, नुसता टूं-टूं-टूं करतो. हे आम्हाला त्या रात्री दरीत कळले. मग त्याने थेट चॅनल लावला, म्हणजे रिपीटरशिवाय सेटवरून सेटवर बोलायचा. दोन वाक्ये नीट आली. तिसरे असे आले, जणू कुणी पाण्याच्या पिंपात तोंड घालून बोलतोय. त्यानंतर काहीच नाही. खरखर नाही, फुसफुस नाही, अगदी देवघरातली शांतता.

चालक स्ट्रेचरवर बांधून झाला होता. "ओढा" आम्हाला ऐकू आले, म्हणून आम्ही ओढू लागलो. त्यानंतर खालचा आमचा माणूस चार वेळा "थांबा" म्हणाला होता, असे त्याने वर आल्यावर सांगितले. आमच्यापर्यंत एकही "थांबा" आला नाही. स्ट्रेचर एका मुळाखाली अडकले आणि आम्ही आणखी हातभर ओढले. त्या माणसाचा पाय आधीच मोडलेला होता. ओढ्याच्या आवाजात त्याची किंकाळीसुद्धा वर आली नाही. दोर ताठ झाला म्हणून आम्ही थांबलो, एवढेच.

पुढे तीन माणसे उतारावर टप्प्याटप्प्याने बसवली आणि आरोळीवर आरोळी देत काम केले. शिट्ट्याही वापरल्या. चाळीस मिनिटांच्या कामाला दोन तास वीस मिनिटे लागली. चालक वाचला, आता काठी घेऊन चालतो. बारा डिजिटल सेट खिशात आणि आम्ही आजोबांच्या काळासारखे "हूऽऽ" करत होतो.

जुन्या सेटवर आवाज विरत जायचा. खरखर वाढली की कळायचे, माणूस लांब जातोय किंवा कातळाआड गेलाय. मॉनिटरचे, म्हणजे कमजोर आवाजही न गाळता ऐकवणारे बटण दाबून धरले की त्या खरखरीतूनही शब्द पकडता यायचे. शब्द नाही पकडता आले तरी बटण दाबल्याचा टक्क ऐकू यायचा. आमची खूणच ठरलेली होती : एक टक्क म्हणजे थांबा, दोन म्हणजे ओढा. डिजिटल सेट एका मर्यादेपर्यंत सुरेख ऐकवतो आणि त्या मर्यादेपलीकडे काहीच ऐकवत नाही. शिवाय तो आवाज जसाच्या तसा पाठवत नाही. माणसाचे बोलणे ओळखून, त्याचे आकडे करून, पलीकडे पुन्हा बोलणे तयार करतो. पाठीशी धबधबा असला की त्याला बोलणे कुठले आणि पाणी कुठले तेच कळत नाही.

हे मी घरी बसून रचलेले नाही. माझा भाचा न्यू जर्सीत असतो. त्यांच्या काऊंटीतही पोलीस आणि अग्निशमन यांची जुनी रेडिओ यंत्रणा बदलायची चर्चा चालू आहे, म्हणून त्याने हा विषय वाचून काढला होता. न्यूयॉर्कच्या अग्निशमन दलाने मार्च 2001 मध्ये नवे डिजिटल सेट वाटले. तळघरात अडकलेल्या एका जवानाची मदतीची हाक जवळच्या सहकाऱ्यांना ऐकू आली नाही आणि काही दिवसांतच ते सेट काढून घेऊन जुने ॲनालॉग परत दिले गेले. पुढे 2008 मध्ये अग्निशमन प्रमुखांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने गोंगाटात डिजिटल बोलणे समजत नाही या अडचणीवर अहवाल काढला आणि आगीच्या जागी थेट ॲनालॉग चॅनल वापरण्याचा पर्याय पुढे ठेवला. तुमचा धंदाच हा आहे, तेव्हा हे तुम्हाला ठाऊक नसेल असे मी मानत नाही. मग मैदानावर खांद्यावर हात ठेवताना त्यातले एक वाक्य तरी सांगायला हवे होते.

आता खरी चीड आणणारी गोष्ट. तुमच्याच माहितीपत्रकात तिसऱ्या पानावर लिहिले आहे की हे सेट डिजिटल आणि ॲनालॉग दोन्ही चालतात. म्हणजे नवे काही विकत घ्यायला नको, फक्त प्रोग्रॅमिंगमध्ये एक थेट ॲनालॉग चॅनल घालायचा. मी केबल आणली, लॅपटॉप शिक्षकांचा घेतला, तर सेट पासवर्ड मागतो. तो पासवर्ड तुमच्या इंजिनियरने टाकलेला आहे. फोनवर उत्तर मिळाले की "पासवर्ड देणे कंपनीच्या धोरणात बसत नाही", बदल हवा तर दर सेटमागे 1,200 रुपये आणि पुण्याहून येण्याजाण्याचा खर्च वेगळा. सेट आमचे, परवाना आमच्या संस्थेच्या नावावर, वर्गणी गावांची, आणि कुलपाची किल्ली तुमच्या खिशात! मार्चमध्ये वर्ष भरल्यावर तर "हमीची मुदत संपली" असे ऐकवले गेले. पहिली तक्रार 24 जुलैची आहे, म्हणजे हमीतलीच.

चार्जर फक्त घरच्या विजेवर चालतात, जीपच्या 12 व्होल्टवर चालत नाहीत. पावसाळ्यात आमच्याकडे वीज कधी असते ते इथे येऊन बघा. त्यावर फार लिहीत नाही.

जुन्या रिपीटरबद्दल मात्र लिहायलाच हवे. बदल्यात 6,000 रुपये वजा करून तुमची माणसे तो घेऊन गेली. मी त्या वेळी हो म्हणालो, ती माझी चूक. तो खूप जुना असला तरी आमच्या फ्रिक्वेन्सीवर जुळवलेला होता आणि नवा बंद पडला तर आधार होता. तो भंगारात गेला नसेल तर परत द्या, 6,000 रुपये मी त्याच दिवशी भरतो.

आमचे मागणे मोठे नाही. बाराही सेटवर थेट ॲनालॉग चॅनल विनाशुल्क घालून द्या. पासवर्ड लेखी द्या, पाकिटात बंद करून दिलात तरी चालेल. गाडीवर चालणारे चार चार्जर द्या, त्याची योग्य किंमत आम्ही देऊ. पैसे परत मागत नाही, कारण डिजिटलचे फायदे आहेत आणि रस्त्यावर, गावात ते वापरूच. पण हे सगळे मृग लागण्यापूर्वी, म्हणजे 7 जूनच्या आत व्हायला हवे. न झाल्यास ग्राहक संरक्षण कायदा 2019 प्रमाणे अलिबागला जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाऊ. बिल 5 लाखांच्या आत आहे, त्यामुळे तिथे शुल्कही पडत नाही. म्हणजे निदान त्यासाठी वर्गणी काढावी लागणार नाही.

या पत्रासोबत बिलाची प्रत, हमीपत्र, माहितीपत्रकाचे तिसरे पान आणि तुम्ही दिलेल्या दहा तक्रार क्रमांकांची यादी स्पीड पोस्टाने पाठवत आहे.

इंजिनियर पाठवाल तेव्हा चाचणी मैदानावर होणार नाही. तो वर कठड्यापाशी उभा राहील आणि मी ओढ्याशेजारी उतरेन. रविवार टाळा, घाटात गाड्यांची रांग असते. आणि त्याला रबरी तळव्याचे बूट घालून यायला सांगा, कठड्याजवळ शेवाळ आहे.

आपला ग्राहक,
बचाव पथकाचा वायरलेस प्रमुख
पोलादपूर, 11 मे