यंदा सणाला येत नाही, खोका पाठवतोय

ती. आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

आई, पहिली ओळ वाचून चष्मा काढून ठेवू नकोस, पुढचंही वाच. यंदा सणाला आम्ही येत नाही. परवा फोनवर सांगणारच होतो, पण तू विचारलंस, "चिऊला मऊ चादर घालू की हत्तींची?" आणि माझ्या तोंडून शब्द फुटेना. म्हणून लिहायला बसलो.

तिकिटं मिळाली नाहीत असं सांगता आलं असतं. मिळत होती. दोन दिवसांची का होईना, रजाही मिळत होती. चिऊला गेल्या महिन्यात दोनदा ताप आला, प्रवासात तिचे हाल होतात, हेही आहेच. पण खरं कारण तुझा गुडघा. मागच्या खेपेला आमची पाठ वळली आणि तू पंधरा दिवस अंथरुणाला खिळलीस, हे मला चार महिन्यांनी शेजारच्या काकूंकडून कळलं. बाबा, तुम्हीही एका शब्दाने बोलला नाहीत. रागावलो नाही, पण फार लागलं मनाला. आम्ही घरात असलो की आई क्षणभर टेकत नाही, तुम्ही दिवसातून चारदा जिना उतरता, आणि आम्ही आयतं खाऊन निघून येतो. म्हणून ठरवलं, सण उरकल्यावर यायचं. आठ दिवस. स्वयंपाकघर तेव्हा माझ्याकडे. तुझ्या डब्यांची जागा हलवणार नाही, शब्द देतो.

आता खोक्याबद्दल. आत चोवीस नग आहेत. चांदण्या, चंद्र, पानं आणि काही चपट्या चकत्या. सगळे चिऊने आणि मी घरी केलेत, मिठाच्या पिठाचे. तू विचारशीलच म्हणून सांगतो: दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ आणि लागेल तसं पाणी, साधारण पाऊण ते एक वाटी. दहा मिनिटं चांगलं मळायचं, नाहीतर कडा फाटतात. अर्धा सेंटिमीटर जाड लाटायचं. दोरीसाठी भोक भाजण्याआधीच स्ट्रॉने पाडायचं, काठापासून बोटभर आत. एवढं मीठ घालून नीट वाळवलं की सहसा बुरशी धरत नाही, वर्षानुवर्षं टिकतं.

पहिला घाणा मी वाया घालवला. घाई झाली होती, ओव्हन १८० अंशांवर ठेवला. चांदण्या फुगल्या, वरून तपकिरी झाल्या, आतून ओल्याच. चिऊ बराच वेळ त्या ताटाकडे बघत राहिली, मग म्हणाली, "बाबा, यांना पण ताप आलाय का?" दुसऱ्या वेळी ११० अंशांवर ठेवलं आणि तीन तास धीर धरला, मध्ये एकदा उलटवून. खरं तर हे भाजणं नव्हेच, वाळवणं आहे. पाणी हळूहळू बाहेर पडायला हवं. नखाने टकटक केल्यावर कोरडा आवाज आला, तेव्हा काढलं.

तिचं काम बघायला तुम्ही हवे होतात. जीभ बाहेर काढून, श्वास रोखून वाटी दाबते. मग उरलेल्या पिठात अंगठा रुतवते आणि त्या खळग्यात डोकावून बघते, आत काही दिसतंय का. त्यातल्या एका चकतीवर तिचे दोन अंगठे तिरपे शेजारी उमटलेत, बदामासारखे. तिच्या मागच्या बाजूला मी तारीख कोरून ठेवलीय. बाबा, तुमच्या टेबलाजवळच्या खिळ्याला ती लावा.

मला सारखी तुझी आठवण येत होती, आई. चॉकलेटच्या चांद्या तू नखाने घासून सपाट करायचीस, एकही चुणी राहू द्यायची नाहीस. मी शेजारी बसून पुढची चांदी मिळावी म्हणून पोट दुखेपर्यंत चॉकलेटं खायचो आणि तू रागवायची नाहीस. बाबा दोऱ्याची ती गाठ मारायचे, जी मला अजून येत नाही. खोक्यातल्या दोऱ्या म्हणूनच बिनगाठीच्या आहेत. बाबांनीच बांधायच्या.

आता नीट ऐका. माळ्यावरची पत्र्याची पेटी कुणीही काढायची नाही. स्टुलावर चढायचं नाही, आईने नाही आणि बाबांनी तर नाहीच. चांदण्या खिडकीच्या गजांना लावा, उभ्याने हात पोचेल तितक्याच उंचीवर. आणि ज्या खोलीत लावाल तिथे मोत्याला सोडू नका. हे फार महत्त्वाचं आहे. या पिठात इतकं मीठ असतं की कुत्र्याने एक-दोन नग जरी खाल्ले तरी उलट्या, थरथर, फिट येऊ शकते, जीवही जाऊ शकतो. वास घेऊन तो चाटणारच. चिऊनेही पीठ चाटून थुंकलं, तेव्हापासून मी पिठाचा हात तिला तोंडाकडे नेऊ देत नव्हतो.

बाबा, मागच्या वर्षी आणलेली ती बारीक दिव्यांची माळ कपाटात वर कुलपात ठेवा. तिच्यात नाण्यासारखा चपटा सेल आहे. लहान मुलाने गिळला तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते. आम्ही येण्याआधी एवढं कराच. आणि गोळी रात्रीच्या जेवणानंतर, टीव्ही संपल्यावर नाही. मीठ दिवसाला एक सपाट छोटा चमचा, लोणचं त्यातच धरून.

चोवीसपैकी बारा चिऊने रंगवलेत. बारा कोरे आहेत, ते मुद्दाम. आई, ते तुझ्यासाठी. तुझा तो बारीक ब्रश मी मागच्या वेळी शिवणाच्या डब्यात पाहिला होता. खोक्यात ॲक्रिलिक रंगांच्या सहा बाटल्या आणि वॉर्निशची एक डबी आहे. टेबलाशी बसून, पाय दुसऱ्या खुर्चीवर ठेवून, रोज एक-दोनच रंगव. रंग पूर्ण वाळला की वॉर्निशचे दोन हात द्यायचे, मागच्या बाजूलाही आणि भोकाच्या आतूनही, कारण मीठ हवेतलं पाणी ओढतं आणि नग मऊ पडतो. वॉर्निश बाबांनी लावायचं, खिडकी उघडी ठेवून. तुला त्या वासाने डोकं चढतं.

सणापर्यंत बारा झाले नाहीत तरी चालेल. राहिलेले तसेच ठेव. चिऊला सांगून ठेवलंय की आजीकडे काही चांदण्या अजून पांढऱ्या आहेत. रोज रात्री ती विचारते, किती राहिल्या? म्हणून संध्याकाळी फोन करशील तेव्हा आकडा तिलाच सांग.

हत्तींची चादर धुऊन ठेव. तिला तीच हवी आहे.

तुमचा,
बंड्या