तिथं भुयार नाही हो, पाणी मोजून झालंय

मा. संपादक साहेब, नमस्कार.

परवाच्या पुरवणीत अमेरिकेतल्या मिनेसोटामधल्या डेव्हिल्स केटल धबधब्यावर छापून आलं, घरात सगळ्यांनी वाचलं, पण शेवटी 'हे पाणी जातं कुठं ते आजवर कुणालाच कळलं नाही' असं लिहिलंय तेवढं चुकलंय बघा.

ब्रूल नदी तिथं खडकाला आपटून दोन भागांत फुटते, एक धार साधारण ५० फूट खाली पडून लेक सुपीरियरकडं निघून जाते अन् दुसरी रांजणासारख्या खड्ड्यात पडून गडप. लोकांनी त्यात पिंगपाँगचे बॉल टाकले, रंग टाकला म्हणे, काहीच वर आलं नाही, मग काय, खाली मोठमोठ्या गुहा आहेत, पाणी लांब कुठंतरी निघतंय, गप्पाच गप्पा. २०१६ च्या शेवटी तिथल्या सरकारी जलतज्ज्ञांनी साधं काम केलं, धबधब्याच्या वर अन् खाली नदीचा प्रवाह मोजला. वर १२३ क्युसेक, खाली १२१. जायकवाडीचे दरवाजे उघडल्यावर आपण हजारांतले आकडे वाचतो, त्यापुढं हे काहीच नाही, पण दोनाचा फरक मोजताना इकडंतिकडं होतोच, म्हणजे गडप झालेलं पाणी थोडं पुढं जाऊन त्याच नदीत मिसळतंय. बॉलचं म्हणाल तर खड्ड्यातलं पाणी एवढं घुसळतं की त्यात पडलेली वस्तू धड राहतच नाही.

अन् खडक चुनखडीचा नाही, ज्वालामुखीतून आलेला रायोलाइट, तो काय पाण्यात विरघळून गुहा करणार! आपला काळा पाषाण पण लाव्हाचाच की. आमच्या अंबाजोगाईची हत्तीखाना लेणी घ्या नाहीतर वेरूळ, सगळं माणसानं छिन्नीनं कोरलेलं.

हे एवढं लिहायचं कारण म्हणजे मी स्वतः फसलोय. पाणाड्यानं तळहातावर नारळ उभा केला, म्हणला "मालक, खाली नदी वाहती", दोन बोअर मारले, दोन्हींतून नुसता फुफाटा. नंतर कळलं, आपल्याकडं पाणी मुरमात अन् खडकाच्या भेगांत असतं, नदी-बिदी काही नसती खाली. तेव्हा कुणी मोजायला सांगितलं असतं तर पैसे वाचले असते.

तेवढी दुरुस्ती छापा, बारीक टाइपात का होईना. आकडा क्युसेकमध्येच टाका, इकडं तो पोराटोरांना पण कळतो.

आपला एक वाचक, अंबाजोगाई