काका, त्या एका ‘कै.’साठी

काका, सप्रेम नमस्कार.

माझं नाव तुम्हाला आठवणार नाही, आरटीओच्या गेटबाहेर कडुलिंबाखाली तुमच्या टेबलापाशी दिवसाला कितीतरी माणसं येत असतील. वडिलांच्या ॲक्टिव्हाचे पेपर घेऊन आलेली आणि टायपिंग चालू असताना मधेच रडायला लागलेली मुलगी म्हटलं तर कदाचित आठवेल. काल पोस्टाने गाडीचं नवीन आरसी, म्हणजे नोंदणीचं कार्ड, आलं, तेव्हापासून तुम्हाला लिहायचं डोक्यात आहे.

आमचे अप्पा मागच्या आषाढात गेले. गाडी त्यांनी 2016 च्या पाडव्याला घेतलेली, नंबरची बेरीज नऊ येते म्हणून त्यांना भारी कौतुक. ते गेल्यावर गाडी मीच चालवायला लागले, कामावर जायला, आईला दवाखान्यात न्यायला. डिकीत त्यांचं पुसायचं पिवळं फडकं होतं तसंच ठेवलं. पेपर नावावर करायचे असतात हे घरात कोणाच्या डोक्यातच आलं नाही, इन्शुरन्स संपला तर तो ऑनलाइन अप्पांच्याच नावाने रिन्यू केला, पीयूसी काढली, झालं, गाडी घरचीच आहे म्हणून आम्ही निवांत.

मग एक दिवस सिग्नलला माझी गाडी पट्ट्याच्या पुढे गेली आणि त्याच्या चलनाचा मेसेज अप्पांच्या फोनवर आला. तो फोन आई अजून रोज रात्री चार्जिंगला लावते काका. ती फोन हातात घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि म्हणाली, “अगं, यांच्या नावाने दंड आलाय.” तिचा चेहरा बघून मी त्याच दिवशी ठरवलं की आता हे करून टाकायचं.

पुढच्या चार फेऱ्यांबद्दल जास्त लिहीत नाही, लिहिलं की अजून डोकं फिरतं. खिडकीवरच्या साहेबांनी एकदाही मान वर करून बघितलं नाही. “मयत केस नंतर, मयत केस बाजूला थांबा,” असं ओरडायचे आणि मी तिथे अप्पांचं डेथ सर्टिफिकेट छातीशी धरून उभी. एकदा तर विचारलं, मुलगी का आली, भाऊ नाही का. भाऊ आहे की, त्याने स्वतः संमती लिहून दिलीय, आईने दिलीय, पण वाचणार कोण?

मग तो एजंट भेटला. त्याने सांगितलं, ताई कशाला वारसाच्या भानगडीत पडता, वडिलांची सही तुम्हाला येत असेलच, 29 आणि 30 नंबरच्या फॉर्मवर मारून टाका, त्यांनी हयातीत गाडी तुम्हाला विकली असं दाखवू, दोन दिवसात काम. आणि काका, तुम्हाला खरं सांगते, मी त्या रात्री अप्पांचं पासबुक काढून बसले होते. त्यांच्या सहीच्या शेवटी खालून एक लांब रेघ यायची, ती मी वहीच्या मागच्या पानावर तीन-चारदा काढून बघितली आणि मग मला स्वतःचीच इतकी लाज वाटली की पान फाडून चुलीत टाकलं.

दुसऱ्या दिवशी तुमच्याकडे आले ते खरं तर तेच फॉर्म भरून घ्यायला. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत, मधे एकदाही बोलला नाहीत आणि मग म्हणालात, “गेलेला माणूस गाडी विकत नाही पोरी. वारसासाठी 31 नंबरचा फॉर्म आहे, त्यावर त्यांची सही लागतच नाही.” त्यांची सही लागतच नाही! चार फेऱ्यात हे एक वाक्य मला कोणी सांगितलं नव्हतं. मालक गेला की तीस दिवसात आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यात हा अर्ज करायचा, तोपर्यंत वारसाला गाडी वापरता येते, हे पण तुमच्याकडूनच कळलं. मला अकरा महिने झाले होते. तुम्ही रागावला नाहीत, उशिराचा दंड लागेल तो भर आणि मोकळी हो म्हणालात. फक्त इन्शुरन्सचं ऐकल्यावर तुमचा आवाज बदलला. मालक गेल्यावर पॉलिसी तीन महिने किंवा तिची मुदत, जे आधी संपेल तोवरच धरतात, त्यापुढे वारसाने ती स्वतःच्या नावावर करून घ्यायला पाहिजे, उद्या रस्त्यात कोणाला लागलं तर त्या माणसाला भरपाई कुठून देणार, असं विचारलंत. मी आईला मागे बसवून इतके महिने फिरत होते हे आठवून पोटात गोळा आला.

पण हे पत्र त्यासाठी नाही. तुम्ही जोडायचा अर्ज टाइप केलात, कागद बाहेर काढलात, वाचलात. त्यात एका ठिकाणी “मयत” आणि पुढे अप्पांचं नाव होतं. तुम्ही चष्मा वर केलात, खिशातलं निळं पेन काढून तो शब्द एका सरळ रेघेने खोडलात आणि वर हाताने लिहिलंत, “कै.” मग नावाच्या शेवटी “राव” जोडलंत आणि मला विचारलंत, “लोक असंच म्हणायचे ना त्यांना?” काका, लोक असंच म्हणायचे. चार फेऱ्यात त्या आवारात माझे वडील म्हणजे एक केस होती, तुम्ही त्यांना परत माणूस केलंत. मी तिथे रडले ते त्याच्यामुळे. तुम्ही काही बोलला नाहीत, पाण्याची बाटली सरकवलीत आणि पुढच्या माणसाला पाच मिनिटं थांब म्हणालात. पैसे घेतलेत ते टायपिंगचे, वर दहा रुपये देत होते ते पण परत केलेत.

अप्पा म्हणायचे, माणूस खुर्चीवरून ओळखू नये. तुमच्याकडे तर खुर्ची पण प्लास्टिकची, एक हात तुटलेली, आणि तरी त्या सगळ्या आवारात मला माणुसकी तिथेच मिळाली.

तुम्ही सांगितलंत तसं गाडीच्या नोंदणीत नॉमिनी म्हणून आईचं नाव लावते. 2021 पासून ही सोय झालीय हे मी आता ऑफिसात पण सगळ्यांना सांगतेय, दोघींनी लगेच नवऱ्यांना फोन केले.

आणि आरसीचं सांगायचं राहिलं. पाकीट आईने उघडलं. माझं नाव वाचलं आणि ती जरा गप्प झाली, मला वाटलं अप्पांचं नाव गेलं म्हणून तिला वाईट वाटलं. मग तिने कार्ड खिडकीजवळ नेलं, डोळ्यांजवळ धरलं आणि मला हाक मारली. माझ्या नावाखाली वडिलांचं नाव छापतात ना, तिथे बोट ठेवून म्हणाली, “हे बघ, आहेत की.”

येत्या सोमवारी आईला गाडीवर घेऊन येते, तिला तुम्हाला भेटायचंय.

तुमची,
अप्पांची मुलगी