बाबा, मला तुमचे हात बघायचेत

ती. आई आणि बाबा,
सा. नमस्कार.

आई, परवा फोनवर म्हणालीस, "गल्लीत विचारतात, पोरगी बी.एड. करते की कॉम्प्युटर शिकते? काय सांगू?" दोन्ही नाही म्हणून सांग. कुणाला काय शिकवायचंय ते बघून धडा कसा बांधायचा, हे मी शिकते. एवढ्यानं त्या बायका गप्प होतील, तू होणार नाहीस, म्हणून सविस्तर लिहिते.

आधीच्या नोकरीत आम्ही कारखान्यांसाठी ट्रेनिंगचे कोर्स करायचो. साहेबांच्या पीपीटीतली वाक्यं कुणीतरी माइकवर वाचायची, शेवटी चार प्रश्न टाकायचे, झाला कोर्स. कामगार 'पुढे, पुढे' दाबत सर्टिफिकेट काढून मोकळे. इथं जुहूला, एसएनडीटीच्या शैक्षणिक तंत्रज्ञान विभागात आल्यावर माणूस कसा शिकतो याचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांचे प्रयोग वाचले. चित्र चालू असताना पडद्यावरचाच मजकूर शब्दशः वाचून दाखवला, तर समजणं बहुतेक वेळा कमीच होतं. डोक्यात एका वेळी मावतं थोडं, त्यात डोळा आणि कान दोघांना एकच मजकूर दिला की माणूस ते जुळवण्यातच दमतो.

आई, तुझा आक्षेप मी वर्गात जसाच्या तसा सांगितला: शाळेत टीव्ही आला तो कपाटात गेला, कॉम्प्युटर आले त्यांच्यावर टॉवेल पडले. मॅडम हसल्या आणि त्यांनी शिक्षण-संशोधक रिचर्ड क्लार्क यांचा १९८३ मधला लेख हातात दिला. माध्यम म्हणजे किराणा आणणारा ट्रक, असं ते म्हणतात. ट्रकमुळं कुणाचं पोषण सुधारत नाही, शिकणं घडतं ते शिकवण्याच्या पद्धतीमुळं. माध्यमानंही फरक पडतो, म्हणून रॉबर्ट कोझमा या दुसऱ्या संशोधकांनी त्यांच्याशी पुढं बराच वाद घातला. मला स्वतःला क्लार्क जवळचे वाटतात, आणि तू तर लेख न वाचताच त्यांच्या बाजूची.

आता बाबा. १९७५ मध्ये फ्लोरिडा स्टेट युनिव्हर्सिटीनं अमेरिकेच्या सैन्यासाठी प्रशिक्षणाची एक रीत बसवली. विश्लेषण, आराखडा, निर्मिती, अंमलबजावणी, मूल्यमापन अशा पाच पायऱ्या. लोक तिसरीवरच उडी मारतात, आम्हीही मारायचो. माझा प्रोजेक्ट आयटीआयमधून नुकत्याच लेथवर आलेल्या पोरांसाठी आहे, मोबाइलवरचे छोटे धडे. पहिला धडा टूल सेंटरला लावण्याचा; आई, म्हणजे लेथ मशीनवर फिरणाऱ्या लोखंडी तुकड्याच्या, जॉबच्या, बरोबर मध्याच्या उंचीला कापणाऱ्या टूलचं टोक आणण्याचा. आणि पहिल्या पायरीलाच तुमच्यावाचून अडलंय.

राग मानू नका, पण उद्यमनगरात तुमच्या हाताखाली जी पोरं तयार झाली, ती तुमच्या सांगण्यानं कमी आणि जॉब बिघडवून जास्त शिकली. कुणी काही विचारलं की तुम्ही म्हणायचा, "हाताला कळतंय की!" तुमच्या हाताला कळायचं, त्याच्या कुठं? कामात मुरलेल्या माणसाला स्वतःच्या मधल्या पायऱ्या दिसेनाशा होतात. जॉब आणि टूलच्या टोकामध्ये स्टीलची पट्टी अलगद पकडायची, पट्टी सरळ उभी राहिली की टूल सेंटरला, वरचं टोक आपल्याकडं कललं की टूल खाली, एवढं मला पुस्तकात मिळालं. पण पट्टी किती दाबायची, कुठून वाकून बघायची, उंची जुळवायला टूलखाली पॅकिंगची पत्री केवढी घालायची हे नुसत्या नजरेनं कसं ठरवता, ते कुठंच लिहिलेलं नाही. तेच मला उतरवून घ्यायचंय. मी शूटिंग करीन, मध्ये मध्ये थांबवून "आत्ता काय बघितलंत?" म्हणून छळीन, आणि "हाताला कळतंय" हे उत्तर धरणार नाही. तुमच्या जुन्या शेठजींना विचारून एक लेथ दुपारपुरता मोकळा मिळतो का बघा.

पैशाचं म्हणाल तर लोन मंजूर झालंय, एफडी मोडायची नाही. पुढं बँका, कंपन्या, दीक्षा-स्वयमसारखी ऑनलाइन शिक्षणाची सरकारी कामं, सगळीकडं या कामाला माणसं लागतात. सुरुवातीचा पगार मात्र आधीइतकाच असेल, उगाच फुगवून सांगत नाही.

शुक्रवारी रात्री महालक्ष्मीनं निघते. धड्याचा पहिला कच्चा खर्डा आईवर करून बघणार आहे. आयटीआयची पोरं नंतर, आधी वाक्यं तरी कळतात का ते बघू. आई, जिथं अडशील तिथं फक्त बोट ठेवायचं. तेवढा वेळ बाबांना चहा देऊन बाहेर बसव, नाहीतर ते मध्येच उत्तर सांगतील.

तुमची,
सुमी