सूचना: गाडीवरून घरात वीज घेण्याआधी
सभासदहो, वीज गेली की इलेक्ट्रिक गाडीवर फ्रिज-पंखे चालतात, पण सगळ्याच गाड्यांवर नाही. पुस्तिकेत 'व्हीटूएल'ची, म्हणजे गाडीच्या बॅटरीवर बाहेरची उपकरणं चालवायची, सोय आहे का ते आधी बघा. असेल तर उपकरणं थेट गाडीच्या सॉकेटवर, जाड एक्स्टेंशनने जोडा. मर्यादा बहुधा ३ किलोवॉटच्या आसपास असते, तेव्हा गिझर नकोच.

दोन्ही टोकांना पिन लावलेली वायर घरातल्या सॉकेटमध्ये अजिबात खुपसू नका! वीज उलटी लाइनीत जाते आणि खांबावर चढलेल्या वायरमनच्या जिवावर बेतते. घराच्या वायरिंगलाच वीज द्यायची तर गाडी 'व्हीटूएच'वाली हवी, शिवाय परवानाधारक इलेक्ट्रिशियनने बसवलेला चेंजओव्हर, म्हणजे घर एका वेळी लाइनीला किंवा गाडीलाच जोडणारा स्विच.

चार्जिंग २० टक्क्यांवर आलं की थांबा. रात्री-अपरात्री दवाखाना गाठायला तीच गाडी लागेल.