नातवंडांच्या पैशांचा कारभार

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

सुट्टीत दोघं महिनाभर तुमच्याकडे असतील, तेव्हा त्यांच्या खाऊच्या पैशांचा कारभारही तुमच्याच हाती.

धाकटी ६ वर्षांची. तिला दर रविवारी सारख्या किमतीची १० नाणी द्या. नोट नको, ती वाटून ठेवता येत नाही. तीन पारदर्शक बरण्या: खर्चाला ६, साठवणीला ३, दुसऱ्याला द्यायला १. बंद गल्ल्यात किती साठलं ते दिसत नाही, मग त्यातली गोडीच जाते. साठवणीच्या बरणीवर हव्या त्या वस्तूचं चित्र चिकटवा. वस्तू १२ नाण्यांतली, म्हणजे ४ आठवड्यांत हाती येणारी असू द्या. याहून लांबचं या वयात पेलत नाही, मधेच बरणी पालथी होते.

थोरला १० वर्षांचा, त्याला पंधरा दिवसांचे एकदम. वहीत जमा, खर्च, शिल्लक आणि चौथा रकाना ‘आठवत नाही’. तो रकाना नसला की मुलं हिशेब जुळवायला खोटे खर्च लिहितात. मोठी वस्तू हवी असेल तर तारीख घालून लिहायची आणि ७ दिवस थांबायचं. बरीच हौस तेवढ्यात विरते.

बाबा, व्याज तुमच्याकडे. महिनाअखेरीस साठवणीतल्या दर १० नाण्यांमागे १. बँकेच्या दराने एवढ्याशा रकमेवर मुलांना काही दिसणारच नाही.

आई, अवघड भाग तुझा. बुधवारपर्यंत खर्चाची बरणी रिकामी होईल, रडारड होईल. तेव्हा पदराची गाठ सोडू नकोस. उचल नाही, साठवणीतून उसने नाहीत. घेतलेलं खेळणं दुसऱ्या दिवशी मोडलं तरी भरपाई नाही, आणि ‘सांगितलं होतं ना’ हेही नाही. ६ नाण्यांत झालेली चूक स्वस्तच म्हणायची.

पाहुण्यांनी हातावर ठेवलेले पैसे ‘मी ठेवते’ म्हणून कपाटात टाकू नकोस. ते परत दिसले नाहीत की साठवलेलं नाहीसं होतं, एवढंच मूल शिकतं. धाकटीसमोर मोजून बरणीत टाक. घरकामाचे पैसे मात्र कुणी देऊ नका, उद्या ताट उचलायचाही भाव सांगतील.

आणि बाबा, मुलं बरोबर असताना दुकानात फोनवरून नको, रोख द्या. फोनमधले पैसे संपताना त्यांना दिसत नाहीत. परत आलेले सुट्टे धाकटीला मोजू द्या. मागची रांग थांबेल.

तुमची,
लेक